कल्पनेला कुंपण कशाला?

मोबाइलच्या कॅमेऱ्याने धनादेशाचे छायाचित्र काढून तो घरबसल्या खात्यात जमा करणे, ही अमेरिकेत आता नित्याची बाब आहे. या साध्या सोयीच्या मालकीवरून मात्र तेथे कोट्यवधी डॉलरचे दावे लढले गेले. सैनिकांच्या कुटुंबांना सेवा देणाऱ्या ‘यूएसएए’ या संस्थेला वेल्स फार्गो बँकेविरुद्ध २०१९ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने २० कोटी डॉलर, तर पीएनसी बँकेविरुद्ध २०२२ मध्ये सुमारे २१ कोटी ८० लाख डॉलर देवविले. जून २०२५ मध्ये अपील न्यायालयाने हा दुसरा निकाल फिरविला. हातातील यंत्राने धनादेश भरणे ही अमूर्त कल्पना असून, ती पेटंटास पात्र नाही, असे न्यायालयाने ठरविले.

पेटंटला आव्हान देण्याचा दुसरा मार्ग २०११ च्या कायद्याने पेटंट कार्यालयातच खुला केला. न्यायालयात पेटंट वैध मानले जाते व ते खोडण्यास स्पष्ट, खात्रीलायक पुरावा लागतो. कार्यालयाच्या मंडळापुढे पुराव्याचे पारडे जड झाले तरी पुरते. मात्र या फेरतपासणीत मंडळ केवळ जुनी पेटंटे व छापील साहित्य यांच्या आधारे नावीन्य पारखते. कल्पना अमूर्त आहे काय, हा प्रश्न न्यायालयासाठीच उरतो.

संशोधकाच्या श्रमांचे मोल झालेच पाहिजे. परंतु जी कसोटी पेटंट देतानाच कठोरपणे लावावयाची, ती ज्यूरीच्या कौलानंतर तीन वर्षांनी निर्णायक ठरावी, यात कोणाचे हित साधते? वकिलांच्या फीचा भार अखेर खातेदारांच्याच माथी येतो.