मुंबई-दिल्ली: विमानाला सव्वादोन तास, तुम्हाला किती?



पहिल्यांदा दिल्लीला खरेदीला निघालेला माणूस मोबाईलवर आधी अंतर बघतो. विमानाने सुमारे १,१५० किलोमीटर. हे सरळ रेषेतलं अंतर. रेल्वे सुरत, बडोदा, कोटा करत जाते, म्हणून तिचं अंतर १,३८० किलोमीटरच्या पुढे जातं.

विमान वर गेलं की ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास पळतं. मग दीड तासात पोहोचायला हवं ना? तिकिटावर मात्र सव्वादोन तास असतात. कारण मुंबईत विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर लागेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीची रांग, चढणं, उतरताना कमी झालेला वेग, सगळं त्यात आलं.

आता तुमचं घड्याळ लावा. समजा, ठाण्यात तुमचं इमिटेशन ज्वेलरीचं दुकान आहे आणि माल सदर बाजारातून घ्यायचाय. विमान सकाळी १० चं. बॅग घेणारा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे घर सातला सोडायचं. सव्वाबाराला उतरणार, मग बॅगेची वाट बघा, मेट्रो पकडा, रिक्षा करा. बाजारात पाय ठेवेपर्यंत दोन वाजतात. झाले की सात तास! आणि बाजाराचा निम्मा दिवस गेला तो वेगळाच.

राजधानी मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि सकाळी साडेआठच्या आसपास नवी दिल्लीला पोहोचते. सदर बाजार तिथून रिक्षाने जवळच. प्रवास साडेपंधरा तासांचा, पण त्यातली रात्र झोपेत गेली. तुमचा धंदा संध्याकाळचाच असेल तर मात्र ती एक संध्याकाळही महाग पडते.

तिसरा पर्याय पहाटे सहाच्या विमानाचा. झोपेचं खोबरं होतं, पण बाजार उघडताना तुम्ही हजर आणि रात्रीच्या विमानाने परत. लॉजचा खर्च नाही. मला विचाराल तर विमानाने जायचंच असेल तर असंच जावं.

हिशोब सोपा आहे. समजा विमान ३,००० रुपयांनी महाग पडतंय आणि दुकानात तासाला ५०० रुपये सुटतात. मग विमानाने दुकानाचे सहा तास वाचले तरच बरोबरी होते. प्रवासाचे तास धरू नका, दुकान बंद राहणार ते तास धरा.

वजनाचंही बघा. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलोची बॅग आणि हातात ७ किलो. रेल्वेच्या थर्ड एसीत ४० किलो, पण ते स्वतःच्या सामानासाठी. विक्रीचा माल पार्सलनेच बुक करायचा. त्यामुळे सोबत फक्त सॅम्पल आणा, बाकीचा माल पक्क्या बिलासह ट्रान्सपोर्टने येऊ द्या.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात विमान आणि रेल्वे दोन्ही अडकतात, तेव्हा परतीचं तिकीट घट्ट वेळेचं काढू नका. आणि शनिवारी रात्री निघू नका, रविवारी सदर बाजारातली मुख्य दुकानं बंद असतात.