एका फुप्फुसावरची भूल

छातीच्या शस्त्रक्रियेत सर्जनला मिटलेलं, निश्चल फुप्फुस हवं असतं आणि रोग्याचा ऑक्सिजन तर उतरता कामा नये. हा पेच सोडवते डबल ल्युमेन ट्यूब. स्वीडनच्या एरिक कार्लेन्सने ती १९४९ साली पुढे आणली, तीही शस्त्रक्रियेसाठी नव्हे, तर दोन फुप्फुसांचं काम वेगवेगळं मोजण्यासाठी.

नळी एकच, आत वाटा दोन. एक मुख्य श्वासनलिकेत उघडते, दुसरी बहुधा डाव्या फुप्फुसाच्या शाखेत. उजवीकडे वरच्या खंडाची शाखा इतक्या लवकर फुटते की नळीचा फुगा तिचंच तोंड बुजवायचा! नळी घातली की भूलतज्ज्ञ तिच्यातून बारीक ब्राँकोस्कोप सोडतो. श्वासनलिकेचा दुभंग दिसला आणि त्याच्या जरा खाली निळ्या फुग्याची कड दिसली, की जागा बरोबर.

मग रोग्याला कुशीवर वळवतात आणि वरच्या फुप्फुसाची हवा बंद करतात. रक्त मात्र तिथे जातच राहतं आणि ऑक्सिजन न घेताच परततं. तरी निभावतं, कारण जिथे हवा नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपणहून आकसतात आणि रक्त खालच्या फुप्फुसाकडे वळतं. उरलेल्या शरीरात ऑक्सिजन घटला की रक्तवाहिन्या सैलावतात. फुप्फुसाचा कारभार उलटा. फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड यांनी हे १९४६ साली मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं.

भुलीच्या औषधांचा वाद इथेच सुरू होतो. सेव्होफ्लुरेनसारखी हुंगायची औषधं हे आकसणं मात्रेगणिक मंदावतात; शिरेतून दिलेलं प्रोपोफॉल फारसं मंदावत नाही. कागदावर प्रोपोफॉल सरस, पण नेहमीच्या मात्रेत टेबलावर दिसणारा फरक थोडाच. जोडीला डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध दिलं तर हुंगायचं औषध कमी लागतं आणि काही चाचण्यांत ऑक्सिजनही सुधारलेला दिसला; मात्र नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो.

माझ्या मते औषधांवर जेवढी चर्चा झडते, तेवढी नळीच्या जागेवर व्हायला हवी. कुशीवर वळवताना ती सहज सरकू शकते. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन नव्वद टक्क्यांखाली घसरलं की शंभर टक्के ऑक्सिजन आणि लगेच पुन्हा ब्राँकोस्कोप. जागा ठीक असेल तर खालच्या फुप्फुसाला दाब वाढवून बघायचा, वरच्यात हलक्या दाबाने ऑक्सिजन सोडायचा. त्यावर सर्जन कुरकुरतो, कारण फुप्फुस त्याच्या हाताखाली फुगू लागतं. तेवढ्यानेही भागलं नाही, तर त्याला हात थांबवायला सांगून दोन्ही फुप्फुसं फुगवायची.