पात्रतेचे दार: आष्टी, पाटोदा आणि मुष्टियुद्धाचे रिंगण

आष्टी आणि पाटोदा हे बीड जिल्ह्याच्या पश्चिम कडेचे, एकमेकांच्या शेजारचे तालुके. बालाघाटची माळराने, हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि दसरा-दिवाळी आली की उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागणारे ऊसतोडीचे कोयते, ही या भागाची ओळख सगळ्या महाराष्ट्राला आहे. याच पट्ट्याने गेल्या दहा वर्षांत जागतिक दर्जाचे दोन खेळाडू दिले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये दोन ऑलिंपिक धावला. पाटोद्याच्या राहुल आवारेने राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक कुस्ती स्पर्धेचे कांस्य मिळवले, पण ऑलिंपिकच्या मॅटवर तो एकदाही उतरला नाही. माती सारखी, कष्ट सारखे, जिद्दही उन्नीस-बीस. मग फरक कुठे पडला? ‘नशीब’ असे म्हणून आपण मोकळे होतो. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. मोठ्या स्पर्धेची पात्रता कोण ठरवते आणि ती ठरवण्याचा नियम खेळाडूला किती आधी कळतो, यावर मागास भागातल्या खेळाडूचे भवितव्य आपण समजतो त्याहून कितीतरी जास्त अवलंबून असते. आणि हे ज्या खेळात सर्वांत ठळक दिसते, तो हौशी मुष्टियुद्धाचा खेळ महाराष्ट्राला अजून नीट साधलेला नाही.

साबळेची वाटचाल नुसत्या आकड्यांत वाचली तरी मुद्दा स्पष्ट होतो. सप्टेंबर 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटे 29.80 सेकंदांत शर्यत संपवली आणि गोपाल सैनी यांचा 1981 पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्या मार्चमध्ये पतियाळाच्या फेडरेशन चषकात त्याची वेळ होती 8:28.94. दोहाच्या जागतिक स्पर्धेसाठी लागणारी वेळ होती 8:29.00. सेकंदाच्या सहा शतांशांनी दार उघडले, आणि ते उघडायला कुणाची शिफारस लागली नाही. दोहात प्राथमिक फेरीत इथिओपियाचा धावपटू वाटेत आल्याने त्याला अडथळा झाला आणि तो अंतिम फेरीबाहेर राहिला. भारतीय पथकाने आक्षेप नोंदवला, अडथळ्याबाबतच्या लेखी नियमानुसार तो मान्य झाला आणि साबळे अंतिम फेरीत आला. तिथे तो तेरावा आला, म्हणजे पदकाच्या जवळपासही नव्हता. पण वेळ होती 8:21.37, आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता वेळ 8:22.00. तेराव्या क्रमांकाने ऑलिंपिकचे तिकीट मिळते, हे ऐकायला विचित्र वाटते. नियम मात्र सरळ होता आणि सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता. पुढे बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 ची वेळ देत केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे पाच शतांश सेकंदांनी मिळवलेले रौप्य, हांगझोच्या आशियाई स्पर्धेतले सुवर्ण आणि पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतला अकरावा क्रमांक, हे सारे त्या पहिल्या उघडलेल्या दारातून आलेले आहे.

आता आवारे. वडील पैलवान, घरात कुस्तीची हवा, पुढे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि त्यांच्यानंतर काका पवार यांच्यासारखे वस्ताद लाभलेले. म्हणजे तालमीची कमतरता नव्हती. 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी 57 किलोत पात्रता फेरीला संदीप तोमर गेला आणि त्याने मंगोलियात जागाही मिळवली. तोमरने जागा कमावली, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्याला डावलले गेले ही भावना आवारेने पुढे जाहीरपणे बोलून दाखवली आणि ती त्याच्या कारकिर्दीला चिकटून राहिली. डिसेंबर 2017 च्या अखेरीस दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेसाठी निवड चाचणी झाली. तारीख जाहीर, वजनगट जाहीर, जिंकेल तो जाईल. आवारे जिंकला, गोल्ड कोस्टला गेला आणि एप्रिल 2018 मध्ये कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला हरवून सुवर्ण घेऊन आला. निवडीचा नियम उघडा असतो तेव्हा पाटोद्याचा पैलवान काय करू शकतो, याचा याहून नेमका पुरावा शोधायची गरज नाही.

तरीही ऑलिंपिक राहिलेच. त्याचे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि माझ्या म्हणण्याला ते थोडे अडचणीचेही आहे. सप्टेंबर 2019 मध्ये नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत भारताने पाच पदके मिळवली. दीपक पुनियाचे रौप्य, बजरंग, विनेश, रवी दहिया आणि राहुल आवारे यांची कांस्ये. पाचपैकी चौघांच्या पदकाबरोबर टोकियोची जागाही आली. पाचवा आवारे, कारण त्याचे पदक 61 किलोतले आणि हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. जागतिक कुस्तीत फ्रीस्टाइलचे दहा वजनगट आहेत, ऑलिंपिकमध्ये सहाच. 57 नंतर एकदम 65. त्यात 57 मध्ये दहिया उभा होता. इथे नियम लेखी होता, आधीपासून माहीत होता, तरीही दार बंदच राहिले. म्हणून लेखी नियम म्हणजे न्याय, असे सरसकट म्हणता येत नाही. लेखी नियमही निर्दय असतो. फरक इतकाच की अशा नियमाचा हिशेब आधी मांडता येतो. वजन उतरवायचे की वाढवायचे, कोणत्या वर्षी कोणता गट धरायचा, हे वस्ताद आणि पैलवान बसून ठरवू शकतात. समितीच्या मनात काय आहे, याचा हिशेब मात्र कुणालाच मांडता येत नाही.

नागपूरच्या अल्फिया पठाणची कथा मुष्टियुद्धात जवळजवळ हीच आहे. एप्रिल 2021 मध्ये पोलंडमधल्या किएल्से इथे ती 81 किलोवरील गटात युवा विश्वविजेती झाली, पुढच्या वर्षी अम्मानला आशियाई विजेती. पण टोकियो काय किंवा पॅरिस काय, महिलांचा सर्वांत वरचा ऑलिंपिक वजनगट 75 किलोचा होता. पुरुषांचीही दारे अरुंद होत गेली आहेत. रिओत पुरुष मुष्टियुद्धाचे दहा गट होते, टोकियोत आठ, पॅरिसला सात. महिलांचे गट वाढले ही चांगलीच गोष्ट आहे. पण गावाकडच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याच्या वजनाचे दार त्याच्या तयारीच्या ऐन मध्यात नाहीसे होऊ शकते.

मुष्टियुद्धात याखेरीज दोन गाठी जास्तीच्या आहेत. पहिली पंचांची. पाच पंच प्रत्येक फेरीचे गुण देतात आणि तीन विरुद्ध दोन अशा निकालावर चार वर्षांची मेहनत तुटते. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सला हरवले गेले ती लढत अजून विसरली गेलेली नाही, आणि रिओतल्या काही लढतींमध्ये गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष 2021 मध्ये मॅकलॅरेन चौकशीने काढला. दुसरी गाठ संघटनांची. डिसेंबर 2012 मध्ये भारतीय महासंघ निलंबित झाला आणि 2013 च्या अल्माटीच्या जागतिक स्पर्धेत आपले मुष्टियोद्धे तिरंग्याशिवाय लढले. नवा महासंघ उभा राहायला 2016 उजाडले. पात्र ठरलेल्यांची संख्याच बोलते: लंडनला आठ, रिओला तीन, टोकियोला नऊ, पॅरिसला सहा. लंडन आणि रिओच्या मधल्या चार वर्षांत भारतीय मुलांचे ठोसे एकाएकी दुबळे झाले, असे कुणी म्हणणार नाही. वरच्या पातळीवरही तोच गोंधळ. जून 2023 मध्ये ऑलिंपिक समितीने आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेची मान्यता काढून घेतली आणि लॉस एंजेलिस 2028 मध्ये हा खेळ असेल की नाही, हेच मार्च 2025 पर्यंत अधांतरी होते. धावपटूला चार वर्षांनी आपली शर्यत असेल की नसेल, ही चिंता कधी करावी लागत नाही.

पॅरिसला पात्र ठरलेले सहा जण पाहा. प्रीती पवार, जास्मिन लंबोरिया, अमित पंघाल, निशांत देव हे चौघे हरियाणाचे, लवलिना बोर्गोहेन आसामची, निखत झरीन तेलंगणातल्या निजामाबादची. महाराष्ट्रातला एकही नाही. निजामाबाद म्हणजे आपल्या नांदेडच्या सीमेपलीकडचा जिल्हा. मराठवाड्याने अंतराची सबब तरी सांगू नये. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट पुण्यात आहे, मुष्टियुद्धाची शासकीय क्रीडा प्रबोधिनी अकोल्यात आहे. म्हणजे सुविधा अगदीच नाहीत, असेही नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. महासंघाच्या तज्ज्ञांना निवडीचे स्वातंत्र्य दिले की निकाल चांगले येतात, असा अनुभव आहे. 2023 मध्ये दिल्लीतल्या महिला जागतिक स्पर्धेसाठी चाचणी लढतींऐवजी शिबिरातल्या मूल्यमापनावरून संघ निवडला गेला. मंजू राणी, शिक्षा नरवाल आणि पूनम या राष्ट्रीय विजेत्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या; न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. आणि स्पर्धेत नीतू, निखत, लवलिना, स्वीटी अशी चार सुवर्णे आली. मग तक्रार कशाची? तक्रार निकालाची नाहीच. ज्या व्यवस्थेत राष्ट्रीय विजेतेपद मिळवूनही पुढचे पाऊल कशावर अवलंबून आहे हे कळत नाही, ती व्यवस्था शिबिरात आधीपासून असलेल्यांना मानवते. बाहेरून येणाऱ्यासाठी राष्ट्रीय स्पर्धा हीच एक शिडी असते, आणि तीच मधून काढली जाते. चार सुवर्णे मिळाली हे खरे. त्या शिडीवरून कोण चढले असते, याचा ताळेबंद कुठेच लिहिला जात नाही. शिवाय उघड चाचणी मागणारा जिंकतोच असे नाही. ऑलिंपिक पात्रतेसाठी मेरी कोमशी चाचणी लढत व्हावी म्हणून निखतने 2019 मध्ये क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिले, डिसेंबरात लढत झाली आणि निखत 9-1 अशी सपशेल हरली. तरी ती लढत व्हायलाच हवी होती. अडीच वर्षांत तीच निखत विश्वविजेती झाली, हा पुढचा भाग.

दुसरा आक्षेप असा की धावणे घड्याळात मोजता येते, ठोसा येत नाही, तुलनाच चुकीची. अर्धे खरे आहे. पण मला मुष्टियुद्धाला घड्याळ बांधायचे नाही. तारीख, वजनगट, चाचणीचे स्वरूप आणि जागा मिळवणाऱ्याचा त्या जागेवरचा हक्क, एवढे चार शब्द वर्षभर आधी कागदावर यावेत. कुस्तीत ऑलिंपिकची जागा नियमाने देशाची असते, खेळाडूची नसते. म्हणूनच 2015 च्या जागतिक कांस्यपदकातून जागा आणणाऱ्या नरसिंग यादवविरुद्ध सुशीलकुमारचा चाचणीचा आग्रह न्यायालयापर्यंत गेला. आधी लिहिलेले असते तर न्यायालयात जायचे कारण उरले नसते. नियम कळला की खेळाडू किती वेगाने स्वतःला वळवतो, हे जास्मिनने दाखवले. परवीन हुडाची 57 किलोतली जागा ठावठिकाण्याच्या नियमभंगामुळे गेली. 60 किलोत राष्ट्रकुल कांस्य मिळवलेली जास्मिन खाली उतरली, बँकॉकच्या शेवटच्या पात्रता स्पर्धेत तिने ती जागा परत मिळवली आणि सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलला त्याच 57 किलोत ती विश्वविजेती झाली.

तिसरा आक्षेप बीडचाच माणूस घेईल. नियमांचे काय घेऊन बसलात, इथे पोटाचे वांधे आहेत. साबळेला सैन्याच्या महार रेजिमेंटने उभे केले, आवारेला पुण्याने. जिल्ह्याने काय दिले? हे मान्यच करायला हवे. दोघेही जिल्हा सोडून मोठे झाले. अहिल्यानगरहून बीडला पहिली रेल्वे यायलाच सप्टेंबर 2025 उजाडला. पण गरिबीचा आणि अनिश्चित नियमाचा संबंध इथेच जुळतो. सधन घरचा मुलगा चाचणी पुढे ढकलली तर आणखी सहा महिने शिबिराच्या आसपास राहू शकतो. उचलीवर जगणाऱ्या घरात सहा महिने म्हणजे एक पूर्ण हंगाम असतो, आणि एक हंगाम वाया गेला तर मुकादमाची बाकी पुढच्या वर्षावर चढते. अनिश्चितता सगळ्यांनाच सोसावी लागते, पण तिची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. अशा घरातल्या बापाने मुलाला मुष्टियुद्धाऐवजी सैन्यभरतीच्या धावण्याकडे वळवले, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. त्याने दोन्ही दारे पाहून व्यवहार केलेला असतो.

खालच्या पायरीवर हीच गोष्ट वेळापत्रकात दिसते. शालेय स्पर्धांचे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य हे टप्पे पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालतात. ऊसतोडीचा हंगाम त्याच काळात मध्येच सुरू होतो. दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर गेलेला मुलगा ऑगस्टमध्ये तालुक्यात पहिला आला असला, तरी डिसेंबरातल्या वजनकाट्यावर तो हजर असेल याची खात्री कोण देणार? हंगामी वसतिगृहे मुलाला शाळेत टिकवण्यासाठी आहेत. स्पर्धेत टिकवण्याचा विचार त्यांच्या आखणीत नाही. यावर नवे क्रीडासंकुल हा उपाय नाही. जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या मुष्टियुद्ध व कुस्तीच्या चाचण्या मराठवाड्यापुरत्या दसऱ्याच्या आत उरकता येतील, आणि निवड झालेल्या मुलाची एप्रिलपर्यंतची राहण्याची सोय अकोल्याच्या प्रबोधिनीत किंवा वसतिगृहात लावता येईल. खर्च फार नाही. तारखा आधी जाहीर कराव्या लागतील, एवढेच. लॉस एंजेलिसला मुष्टियुद्धाचे पुरुष आणि महिला असे सात-सात गट ठरले आहेत, म्हणजे दारे किती आणि कोणती हे या वेळी तरी पुरेसे आधी कळले आहे. 2028 साली विशीत असणारी मुले आज आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराईच्या शाळांत आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाप हंगाम आला की गाडीत बसतील.