शिट्टी वाजली की पोट का दुखतं?

देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावकडच्या कुठल्याही आश्रमशाळेत दिसू शकेल असं हे चित्र. शिट्टी वाजते, मुलं मैदानाला चकरा मारू लागतात आणि एक मुलगी झाडाखाली उभी राहते. पोट दुखतं म्हणते. कालही दुखत होतं, परवाही. गुरुजींच्या लेखी ती कामचुकार.

कदाचित तिचं पोट खरंच दुखत असेल. धोका जाणवला की मेंदू शरीराला सावध करतो. अॅड्रेनालीन वाढतं, छाती धडधडते, श्वास जलद होतो, घाम फुटतो. जोरात धावल्यावरही जवळपास हेच होतं. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवडिलांचा अकाली मृत्यू किंवा पुरात गेलेलं घर ज्या मुलाने सोसलं आहे, त्याला ही धडधड पुन्हा त्याच प्रसंगात नेऊन ठेवू शकते. मग कुणी गोठल्यासारखं उभं राहतं, कुणी पळून जातं, कुणी साध्या धक्क्यावरून हातघाईवर येतं. शाळेच्या वहीत तिन्हींची नोंद 'बेशिस्त' अशीच होते.

गोंदियात अशी मुलं असण्याची कारणं शोधावी लागत नाहीत. जिल्ह्याच्या जंगलपट्ट्याने वर्षानुवर्षं नक्षली हिंसेचं सावट पाहिलं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुरात नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. शिवाय आश्रमशाळेतली मुलं लहानपणापासून घरापासून दूर राहतात.

म्हणून अशा मुलांना खेळातून सूट द्यायची का? मुळीच नाही. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. छाती धडधडली, थोड्या वेळाने शांत झाली आणि वाईट काहीच घडलं नाही, हा अनुभव या मुलांना मैदानावरच वारंवार मिळू शकतो. अट एकच, थोडा ताबा मुलाच्या हातात हवा.

कबड्डीचंच बघा. पाचसहा जणांनी धरून खाली दाबणं हा तिथे खेळ आहे, पण मार खाल्लेल्या मुलाला तो खेळ वाटेलच असं नाही. त्याने आधी गुण लिहावेत, मग लंगडी किंवा खो-खो खेळावा, पकडीत यायचं की नाही ते स्वतः ठरवावं. लेझीम तर यासाठी फारच सोयीची. ताल ठरलेला, पुढचं पाऊल माहीत, अंगाला हात लावायची गरज नाही. आज काय करणार हे तासाच्या सुरुवातीला सांगणं, न विचारता हात धरून आसन 'सुधारू' न देणं, कपडे बदलायला आडोसा देणं, शेवटची पाच मिनिटं संथ चालणं, याला पैसे लागत नाहीत.

आणि शिक्षा म्हणून उठाबशा किंवा मैदानाच्या चकरा बंद. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहेच. पण व्यायाम हीच शिक्षा असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर मूल आनंदाने कसं येईल?

खेळाचे शिक्षक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. काय झालं, हे मैदानावर खोदून विचारू नये. मूल आपणहून बोललं तर ऐकून घ्यावं. झोप उडालेली असेल, मूल स्वतःला इजा करत असेल तर डॉक्टरांकडे न्यावं. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मात्र थांबून चालत नाही. पोलिसांना कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८.