ओढणारा पंप, ढकलणारा पंप

उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढताना बॉनेट उघडून उभी असलेली अँबॅसिडर किंवा फियाट हे एके काळी नेहमीचे दृश्य. ड्रायव्हर इंजिनाच्या अंगाला असलेल्या एका डबीवर ओले फडके टाकत असे. ती डबी म्हणजे यांत्रिक फ्युएल पंप. कॅमशाफ्टच्या धक्क्याने तिच्यातला पडदा हलायचा आणि मागच्या टाकीतले पेट्रोल ओढून घ्यायचा. गोम ओढण्यातच होती. ओढताना नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल लवकर उकळते. त्यात इंजिनाची धग. नळीत वाफ धरली की गाडी बसली!

विजेच्या पंपाची घडण समजून घ्यायची तर ही गोम ध्यानात ठेवावी. ब्रिटिश गाड्यांतल्या एस.यू. पंपात पडदाच होता, फक्त तो विद्युतचुंबकाने हलायचा, टिकटिक करत. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६००वर बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. त्याला सुमारे २ बार दाब अखंड हवा होता. तिथे पडद्याची जागा फिरत्या रोलरांनी घेतली. पुढे पंप थेट टाकीत उतरला. आता ओढायचे जवळजवळ काही उरले नाही, फक्त ढकलायचे.

आजचा पंप मुठीत मावतो. तळाशी जाळीची पिशवी, तिच्यावर कडेला खाचा पाडलेली प्लॅस्टिकची चकती. चकती वेगाने फिरते तसे खाचांतले पेट्रोल भोवऱ्यासारखे घुसळत पुढे सरकते आणि साधारण ३ बारपर्यंत दाब चढतो. चकती आणि कवच यांच्यातली फट केसाहून बारीक, म्हणून कचरा हा तिचा पहिला शत्रू. वर डी.सी. मोटर : कायमचुंबक, आर्मेचर, कम्युटेटर, कार्बन ब्रश. पेट्रोल या मोटरच्या पोटातूनच वर जाते, तिला थंड ठेवते, वंगणही पुरवते. माथ्यावरचा एकदिशा व्हॉल्व्ह गाडी बंद झाल्यावरही नळीतला दाब धरून ठेवतो. वाट तुंबलीच, तर सुरक्षा व्हॉल्व्ह दाब मोकळा करतो.

ब्रशवर ठिणग्या उडतात, मग भडका कसा होत नाही? हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. मोटरच्या पोटात पेट्रोलच भरलेले, हवा नाहीच. टाकीच्या मोकळ्या भागातही वाफ सहसा या मर्यादेहून दाट असते.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियम आले आणि तोवर टाकीच्या कॉकवर भागवणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींतही हा पंप शिरला. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या, उसाच्या मळीतून येणाऱ्या इथेनॉलने नवा प्रश्न आणला : ते पाणी शोषते, तांब्याचा कम्युटेटर गंजवते. म्हणून कार्बनचे कम्युटेटर आले, आता बिनब्रशच्या मोटरीही येत आहेत.

चालवणाऱ्याने एवढे जपावे : काटा तळाला टेकेपर्यंत गाडी दामटू नये. पेट्रोल संपत आले की पंप हवा गिळू लागतो, आणि त्याचे थंडावणे व वंगण दोन्ही एकदम तुटतात.