मात्रेचे तारतम्य

सकाळची फेरी सुरू होण्यापूर्वी सिस्टर खाटेशी येते, "आजोबा, सदरा जरा वर घ्या" म्हणत बेंबीपासून तीन-चार बोटे बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरते, भरूनच आलेल्या लहानशा सिरिंजमधला हवेचा बुडबुडा न काढता सुई सरळ आत घालते आणि "चोळू नका हं, काळंनिळं पडेल" अशी ताकीद देऊन पुढच्या खाटेकडे वळते. कोविडच्या साथीत असंख्य रुग्णांनी घेतलेले एनॉक्सापॅरिनचे हे इंजेक्शन. रक्ताच्या गुठळीच्या प्रतिबंधासाठी त्याची रूढ मात्रा दिवसाला 40 मिलिग्रॅम. आजार फुप्फुसांचा असता सुई पोटात कशासाठी, हा आजोबांचा प्रश्न रास्त आहे.

रूडॉल्फ विर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाच्या 1856 सालच्या विवेचनाचा आधार घेऊन वैद्यकशास्त्र रक्ताच्या गुठळीची तीन कारणे मानते: प्रवाहाचे मंदावणे, रक्तवाहिनीच्या अंतःस्तराला झालेली इजा आणि रक्ताची साकळण्याकडे वाढलेली प्रवृत्ती. श्वसनमार्गाचा विषाणुजन्य संसर्ग तीव्र झाला म्हणजे ही तिन्ही कारणे एकत्र येतात. रुग्ण दिवसचे दिवस खाटेला खिळतो, दाहामुळे वाहिन्यांचे अस्तर दुखावते आणि रक्तातील साकळणारी द्रव्ये वाढतात. मग गुठळी कधी पोटरीच्या खोल नीलेत धरून तेथून फुप्फुसात जाते, तर कधी फुप्फुसातील सूक्ष्म वाहिन्यांतच धरते.

रक्त साकळू न देणाऱ्या हेपारिनचा शोध 1916 साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला लागला, आणि तोही रक्त साकळविणारे द्रव्य शोधत असताना. एनॉक्सापॅरिन हे त्याच कुळातले. लोक त्याला रक्त पातळ करणारे औषध म्हणतात, परंतु रक्त त्याने तसूभरही पातळ होत नाही. साकळण्याच्या क्रियेला आवर घालणारे जे प्रथिन शरीरात मुळातच असते, त्याचा वेग ते वाढविते. धरलेली गुठळी विरघळविणे हे त्याचे काम नव्हे, ते शरीर स्वतःच करते.

2020 च्या वसंतात नेदरलँड्समधील अतिदक्षता विभागांतल्या 184 कोविड रुग्णांचा तपशील प्रसिद्ध झाला तेव्हा, प्रतिबंधक मात्रा चालू असूनही 31 टक्क्यांना गुठळीचा उपद्रव झाल्याचे दिसले. साहजिकच अनेक डॉक्टरांनी मात्रा वाढविण्याची तजवीज केली. ती भीती मला समजते. पण उत्तर भीतीने नव्हे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी करून घेतलेल्या चाचण्यांनी दिले. ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या बहुराष्ट्रीय चाचण्यांत, प्रकृती अत्यवस्थ नसलेल्या 2,219 रुग्णांपैकी उपचाराची पूर्ण मात्रा मिळालेले 80.2 टक्के, तर नेहमीच्या प्रतिबंधावर ठेवलेले 76.4 टक्के रुग्ण व्हेंटिलेटरसारख्या अवयवाधाराशिवाय बरे होऊन घरी गेले. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र 0.9 वरून 1.9 टक्क्यांवर गेले. अत्यवस्थ झालेल्यांना तीच पूर्ण मात्रा दिली असता काहीही लाभ झाला नाही. औषध एक, मात्रा एक, आणि फळ वेगळे! म्हणूनच मूत्रपिंडाचे कार्य, बिंबिकांची संख्या, पूर्वीचा रक्तस्राव आणि प्राणवायूची गरज हे सारे तपासल्यावाचून मात्रेचा निर्णय करणे मला गैर वाटते.

आपल्याकडे 2021 च्या दुसऱ्या लाटेत डी-डायमरचा आकडा घरोघरी चर्चेत होता, आणि तो वाढलेला पाहून घरच्या घरी गुठळीविरोधी गोळ्या सुरू करणारेही होते. डी-डायमर म्हणजे विरघळत्या गुठळीचे अवशेष. परंतु साध्या दाहातही, वयोमानानेही तो वाढतो. एकट्या त्या आकड्याच्या दाखल्यावर औषध सुरू करणे धोक्याचे. ॲस्पिरिनची परीक्षा ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत, रुग्णालयात दाखल असलेल्या सुमारे 15,000 रुग्णांवर झाली. मृत्यू घटले नाहीत. घरी राहून बरे होणाऱ्यांवरची एक अमेरिकी चाचणी तर, गुठळ्यांचे प्रमाणच इतके अल्प निघाले की, मुदतीपूर्वी थांबविण्यात आली.

घरी सोडताना आजोबा विचारतात, "हे इंजेक्शन आता रोज घ्यायचं का?" बहुतेकांच्या बाबतीत उत्तर नाही असेच असते, गुठळीचा धोका विशेष असलेल्या मोजक्यांना ब्राझीलमधील एका चाचणीत रिव्हरॉक्साबॅन या गुठळीविरोधी औषधाच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळीचा 35 दिवस उपयोग झाला, पण ती निवड डॉक्टरांनी करावयाची. आजोबांना सांगितले जाते ते एवढेच की, दर तासाला उठून खोलीत चार फेऱ्या घाला, पडल्या पडल्या घोटे हलवीत राहा, पाणी पीत राहा, आणि एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा एकाएकी दम लागून छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला परत या.