गाडी आधी ओळखा, मग चालवा

आज आम्ही हप्त्याबद्दल बोलणार नाही आणि पापडांबद्दलही नाही. आज बोलायचंय ते दारात पोतं टाकून उभ्या असलेल्या गाडीबद्दल.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या गटातल्या एकीच्या पोरीला रात्री ताप चढला. मालक मुंबईला कामावर. अंगणात स्कूटर उभी, चावी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला. आमची वस्ती आटपाडीच्या मोठ्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत. दोन घरं ठोठावली. एका घरची गाडी परगावी गेलेली, दुसऱ्या घरात कुणी उठेना. शेवटी पोरीला खांद्यावर टाकून, जावेला सोबत घेऊन ती चालत निघाली. मोठ्या रस्त्यावर एक टेम्पोवाला देवासारखा भेटला. पोर बरी झाली. पण पुढच्या बैठकीत ती म्हणाली, "गाडी दारात होती आणि मी पायी गेले." त्या बैठकीत बाकीचे विषय मागं राहिले.

गाडी का शिकला नाहीत, असं आम्ही एकमेकींना विचारलं. आम्हाला वाटलं होतं, पडायची भीती निघेल. निघालं वेगळंच. "वाटेत बंद पडली तर?" हेच जवळजवळ सगळ्या म्हणाल्या. दोन्हीकडं वेड्या बाभळी, माणूस नाही, आणि जो थांबेल तो कसा असेल कुणास ठाऊक. म्हणून आम्ही उलटी सुरुवात केली. आधी दुरुस्ती, मग चालवणं. बाजारातल्या एका गॅरेजवाल्या भाऊंना विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, या चार दुपारी.

पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती डबल स्टँड. आम्ही सगळ्या हातानं गाडी उचलायला बघत होतो आणि कंबर धरत होतो. त्याला हाताची ताकद लागतच नाही. डावा हात हँडलला, उजवा मागच्या दांडीला, उजवा पाय स्टँडच्या पट्टीवर, आणि सगळं वजन त्या पायावर. गाडी आपोआप मागं सरकून वर चढते. आमच्यातल्या एक मावशी ५२ वर्षांच्या, अंगानं काडीसारख्या. त्यांनी सगळ्यांत आधी जमवलं.

आता गाडी सुरू होत नाही तेव्हा काय बघायचं. लगेच किक मारत बसू नका. पेट्रोल आहे का बघा. काट्यावर विश्वास नको, झाकण उघडून गाडी हलवा, आवाज येतो. (काडी पेटवून टाकीत बघणारे महाभाग आमच्या गावात होऊन गेलेत. तसलं काही करू नका.) मग साइड स्टँड वर केलाय का? ब्रेक दाबून धरलाय का? बहुतेक गाड्या ब्रेक दाबल्याशिवाय बटणावर सुरू होत नाहीत. पहिल्या आठवड्यात आमच्या निम्म्या "बंद" गाड्या इतक्यावरच सुरू झाल्या. तरी नाही झाली तर हॉर्न वाजवा. हॉर्न रडका वाजला तर बॅटरी उतरलीय. किक असेल तर किकनं सुरू होईल.

हॉर्न खणखणीत आहे, पेट्रोल आहे, तरी गप्प? मग प्लग. इंजिन गार झाल्याशिवाय हात लावू नका, चटका बसतो. प्लगची टोपी धरून ओढा, वायर धरून नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पान्यानं प्लग काढा आणि त्याचं टोक बघा. तांबूस, विटकरी रंग असेल तर इंजिनाची तब्येत चांगली. काजळी धरली असेल तर हवा कमी मिळतेय, बहुतेक फिल्टर धुळीनं भरलाय. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, पुसून, वाळवून लावा. बसवताना मात्र घाई नको. आधी नुसत्या बोटांनी पूर्ण फिरवून बसवायचा, शेवटी पान्यानं थोडा आवळायचा. तिरका बसवून पान्यानं जोर केला की इंजिनातले आटे जातात आणि शंभर रुपयांच्या कामाला हजारांचा खर्च बसतो.

ऑइलबद्दल एक गैरसमज. चेतकसारख्या जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं. आमच्या सासऱ्यांना अजून तीच सवय. आताच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नसतं. ते इंजिनात वेगळं असतं, साधारण पाऊण लिटर. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावून त्याची कांडी काढायची, पुसायची, परत घालून बघायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं पाहिजे. कमी वाईट, तसं जास्तही वाईट.

टायरची हवा गाडी गार असताना बघावी. बऱ्याच ११० सीसी गाड्यांना पुढं २२ आणि मागं २९ पौंड लागते, मागं माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात आणखी. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात असतो, तोच धरा. ट्यूबलेस टायरमध्ये बाभळीचा काटा दिसला तर तो लगेच उपटू नका. काटा आत असेपर्यंत हवा हळूहळू जाते, तेवढ्यात सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं.

ब्रेकचे लायनर, आतला बेल्ट, वायरिंग, ही कामं गॅरेजची. ती आम्ही करत नाही. पण भाऊ काय बदलतायत ते आता कळतं, आणि जुना भाग दाखवा म्हणता येतं.

मग चालवणं. इथं आमचं चुकलं, ते सांगितलंच पाहिजे. दुसऱ्याच दिवशी आमच्यातली एक इंजिन चालू ठेवून गाडी हातानं पुढं ढकलत होती. गाडी कलंडायला लागली तशी तिनं सावरायला उजवी मूठ घट्ट धरली. ती मूठ म्हणजेच रेस. गाडी उडाली ती थेट कडब्याच्या गंजीत. गुडघा फुटला, आरसा गेला. घरोघरी "सांगितलं होतं" सुरू झालं आणि पंधरा दिवस शिकणं बंद पडलं. सुरू झालं ते त्या गुडघा फुटलेलीमुळंच. पट्टी बांधून आली आणि म्हणाली, माझा आरसा मी भरलाय, आता शिकूनच सोडणार.

तेव्हापासून आमचा नियम: गाडी ढकलायची तर चावी बंद. आणि पहिले दिवस इंजिन लावायचंच नाही. थोड्या उताराच्या मैदानावर बसून, दोन्ही पाय जमिनीवर, गाडी सोडायची आणि ब्रेकनं थांबवायची. डावा ब्रेक मागच्या चाकाचा, उजवा पुढच्या. हळूहळू पाय उचलायचे. ज्यांना सायकल येते त्यांचा तोल दोन दिवसांत बसतो. मावशींनी सायकल कधी धरली नव्हती, त्यांना नऊ दिवस लागले. लागू देत. नजर चाकावर नको, जिथं जायचंय तिथं ठेवा. दोन्ही ब्रेक मिळून दाबा, पण खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबलात तर चाक घसरतंच. आणि घाबरल्यावर आधी रेस सोडायची, हे हाताला इतकं शिकवा की डोक्याला विचारावं लागू नये.

पदर आणि ओढणी. मागच्या चाकात पदर अडकून माणसं गेलीत. चाकाशेजारचं साडी गार्ड कायद्यानं असावंच लागतं; ते काढून टाकलं असेल तर परत बसवून घ्या. पदर खोचून, पाठीमागून घट्ट.

हे सगळं मैदानावर. रस्त्यावर यायच्या आधी शिकाऊ लायसन्स काढा. वय १८ पूर्ण हवं. ते सहा महिने चालतं, आणि काढल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. गाडीचा विमा चालू आहे का तेही बघा. पोतं टाकून ठेवलेल्या गाड्यांचा बहुतेक संपलेला असतो. हेल्मेट चालवणारीला आणि मागं बसणारीलाही, आयएसआय खुणेचं, आणि पट्टा लावलेलं.

रविवारी सकाळी सातला शाळेच्या मैदानावर आम्ही असतो. चपला नकोत, बूट किंवा पट्ट्याच्या सँडल घाला. गाडी नसली तरी चालेल, दोन आहेत. येताना एक जुनं फडकं आणा, प्लग पुसायला.